कवि स्कॉट आणि कादंबरीकार स्कॉट

सर वॉल्टर स्कॉटनें काव्य कां सोडलें, या प्रश्नाचें एक ठराविक उत्तर वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. १८१२ सालीं बायरनच्या 'चाइल्ड हॅरोल्ड'चे पहिले दोन सर्ग प्रसिद्ध झाले, वाचकवर्ग तिकडे लोटला, आणि आपला बाजार उठला हें ओळखून स्कॉटनें कवितेचें दुकान बंद करून कादंबरीचें मांडलें, असें तें उत्तर. यांत खोटें असें फारसें कांहीं नाहीं. १८१३ सालीं आलेलें 'रोकबी' हें त्याचें काव्य पूर्वींच्या काव्यांइतकें चाललें नाहीं, आणि बायरननें आपणांस मागें टाकलें हें स्कॉट स्वतः मोकळ्या मनानें कबूल करी. परंतु एवढ्यावर समाधान मानलें, तर त्याच्या कादंबऱ्या म्हणजे एका पराभूत कवीचा पोटापाण्याचा उद्योग ठरतो. मला तें मान्य नाहीं. त्याला जें सांगावयाचें होतें तें त्याच्या पद्यांत मावतच नव्हतें. बायरन जन्मास आला नसता तरीहि हा मनुष्य केव्हां तरी गद्याकडे वळलाच असता.

याला पुरावाहि आहे. 'वेव्हर्ली' ही त्याची पहिली कादंबरी ७ जुलै १८१४ रोजीं निनांवी प्रसिद्ध झाली. पण तिचीं आरंभींचीं प्रकरणें 'चाइल्ड हॅरोल्ड' छापला जाण्याच्या पुष्कळ आधीं, स्कॉटची काव्यकीर्ति ऐन भरांत असतांना, लिहून झालेलीं होतीं. एका मित्राला तीं रुचलीं नाहींत म्हणून बाजूस पडलीं, आणि पुढें मासे धरण्याचें सामान शोधतांना एका जुन्या मेजाच्या खणांत हातीं लागलीं, अशी हकीकत त्यानेंच १८२९ सालीं दिली आहे. मासे धरण्याच्या सामानाचा तपशील थोडासा सजविलेला असेलहि. स्कॉटला कोणतीहि गोष्ट सजविल्यावांचून सांगतां येत नसे.

कवि म्हणून तो कांहीं सामान्य नव्हता. १७७१ सालीं एडिंबरो येथें जन्मलेल्या या मुलाचा उजवा पाय लहानपणींच अधू झाला, आणि हवापालटासाठीं त्याला स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील आजोबांच्या शेतावर ठेवण्यांत आलें. तेथें त्यानें जुन्या लढायांचीं गाणीं ऐकलीं. पुढें वकिली करीत असतां तीं गांवोगांव हिंडून गोळा केलीं आणि १८०२-०३ मध्यें छापलीं. आपल्याकडे अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्याच जातीचें हें काम होय. या ठेव्यावरच त्याचीं स्वतःचीं काव्यें उभीं राहिलीं. 'मार्मिअन'साठीं प्रकाशकानें हस्तलिखित पाहण्यापूर्वींच १,००० गिनी मोजल्या. १८१० सालच्या 'द लेडी ऑफ द लेक'च्या कांहीं महिन्यांतच २०,००० हून अधिक प्रती खपल्या, आणि त्यांतील सरोवर पाहण्यास प्रवाशांची रीघ लागली.

हीं काव्यें आज वाचून पाहावींत. त्यांतील पद्य घोड्याच्या दौडीसारखें आहे: आंखूड चरण, जोडीजोडीनें येणारीं यमकें. पाठलाग, रात्रींची स्वारी, रणांगण यांना तें शोभून दिसतें. 'मार्मिअन'मधील फ्लॉडनचें युद्ध वाचतांना अजूनहि अंगावर रोमांच उभे राहतात. पण दौडणाऱ्या घोड्यावरून कोणाशीं बोलतां येत नाहीं! या काव्यांत सरदार, संन्यासिनी, शिपाई सगळे एकाच सुरांत बोलतात. तेथें शेतकऱ्याला घासाघीस करतां येत नाहीं, वकिलाला शब्दांचा कीस काढतां येत नाहीं, जुन्या नोकराला धन्यावर पुटपुटतां येत नाहीं. आणि स्कॉटचें अर्धें आयुष्य तर अशींच माणसें ऐकण्यांत गेलें! १७९९ पासून तो सेलकर्क परगण्याचा शेरीफ होता, १८०६ पासून एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयांतील कारकून होता. साक्षीदारांच्या जबान्या, भाऊबंदकी, म्हाताऱ्यांच्या आठवणी हें सगळें भांडवल पद्यांत पडून राहिलें होतें.

'वेव्हर्ली'चें उपशीर्षक कथेचा काळ साठ वर्षांपूर्वींचा असल्याचें सांगतें, तें मला अर्थपूर्ण वाटतें. १७४५ सालचें बंड हा तिचा विषय. तो काळ पुराणांतला नव्हे. त्या बंडांत प्रत्यक्ष लढलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून स्कॉटनें त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. कादंबरीच्या शेवटीं डोंगरी टोळीचा नायक फर्गस याला देहान्ताची शिक्षा होते. त्या वेळीं त्याचा अनुयायी इव्हन धू न्यायाधीशाला सांगतो, आमच्या नायकाला सोडा, त्याच्या बदलीं टोळींतले सहा जण मरावयाला तयार आहेत, मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन येतों आणि पहिला फांस माझ्याच गळ्यांत घाला. न्यायालयांत हंशा पिकतो. इव्हन शांतपणें म्हणतो कीं, माझ्यासारख्याच्या जिवाचें मोल तेवढें नाहीं म्हणून हांसत असाल तर बरोबर आहे. पण सुटल्यावर मी परत येणार नाहीं असें वाटून हांसत असाल, तर तुम्हांला आमच्या लोकांची ओळख नाहीं. काव्यांत हा प्रसंग आला असता तर केवळ शौर्याची टाळी घेऊन गेला असता. कादंबरींत त्याला तो हंशा आहे, आणि सगळी करुणा त्या हंशांत आहे: जुन्या जगाची निष्ठा नव्या जगाच्या कायद्याला विनोद वाटते.

स्कॉटचे नायक मात्र बहुधा लांकडी. एडवर्ड वेव्हर्ली आज या पक्षांत तर उद्यां त्या पक्षांत, आणि दोन्हींकडे पाहुण्यासारखा. हंगेरियन टीकाकार लुकाच यानें १९३७ सालच्या ग्रंथांत या मध्यम प्रतीच्या नायकाचा गुणच गाइला. दोन्ही छावण्यांत वाचकाला नेणारा तो एक दरवाजा आहे, असा त्याचा भाव. हें पटण्यासारखें आहे. तथापि दरवाजावर प्रेम बसत नाहीं. त्यामुळें स्कॉटच्या प्रणयकथा फिक्या राहतात, हें त्याच्या भक्तांनींहि मान्य करावें.

पण 'द हार्ट ऑफ मिडलोथियन' (१८१८) मधील जीनी डीन्स ही पाहा. ती सुंदर नाहीं, कुलीन नाहीं, कर्मठ शेतकऱ्याची मुलगी. धाकट्या बहिणीवर बालहत्येचा आरोप आहे, आणि कायदा असा कीं, गरोदरपणाची गोष्ट तिनें कोणाला सांगितली होती एवढें सिद्ध झालें तरी ती सुटावी. जीनीनें "मला सांगितली होती" एवढेंच म्हणावयाचें. ती म्हणत नाहीं, कारण तें खरें नाहीं. आणि मग हीच मुलगी राणीकडे दयेची याचना करण्यासाठीं एडिंबरोहून लंडनपर्यंत बहुतेक वाट पायीं तुडवीत जाते. सत्यासाठीं बहिणीचा जीव धोक्यांत घालणारी आणि त्याच बहिणीसाठीं पाय झिजविणारी ही स्त्री कोणत्याहि वीरकाव्यांतल्या नायिकेहून मोठी आहे. याच कादंबरींत एक वेडी मरणाच्या वेळीं चार कडव्यांचें गाणें म्हणते. स्कॉटनें लिहिलेली तीच सर्वोत्तम कविता, असें अनेक मर्मज्ञ मानतात. कवि मेला नव्हता; त्याला योग्य जागा मिळाली होती.

आपल्याकडे स्कॉट म्हणजे 'आयव्हॅन्हो', असें समीकरण कॉलेजांतील नेमणुकांमुळें झालें. त्यांत रिबेका ही ज्यू तरुणी सोडली, तर उरते ती मल्लयुद्धें, किल्ले आणि वेषांतरें यांची आतषबाजी. बाराव्या शतकांतील माणसांचा आवाज स्कॉटनें ऐकला नव्हता, म्हणून गद्यांतहि तो पुन्हां पोशाखाकडे वळला. १८२७ च्या 'द सर्जन्स डॉटर'मध्यें तर तो हैदरअल्लीच्या म्हैसुरांत आला आहे. हिंदुस्थान त्यानें कधीं पाहिला नव्हता, आणि तें पानापानावर दिसतें.

हरिभाऊ आपट्यांनीं 'करमणूक' पत्रांतून ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हां स्कॉटचा आदर्श मराठी वाचकांच्या परिचयाचा होता. 'उषःकाल'मध्यें बाप विजापूरकरांच्या मिठाला जागणारा आणि मुलगा शिवाजीकडे ओढला जाणारा, ही जी तेढ आहे ती अस्सल स्कॉटच्या जातीची. तीमुळेंच ती कादंबरी भुयारें आणि गुप्त खलिते यांच्या गर्दींतहि टिकली. पुढील पुष्कळांनीं भुयारें घेतलीं आणि तो बाप सोडून दिला. पराभूत पक्षाच्या निष्ठेकडे आदरानें पाहणें आपल्या ऐतिहासिक कादंबरीला अजूनहि जड जातें.

स्कॉटनें तें किती सहज केलें, याची साक्ष 'रेडगाँटलेट' (१८२४) देते. जुन्या राजघराण्याचे उरलेसुरले निष्ठावंत बंडासाठीं एका खानावळींत जमले आहेत, त्यांचा राजपुत्रहि गुप्तपणें आला आहे. इतक्यांत सरकारचा सेनापति तेथें निःशस्त्र, एकटाच चालत येतो आणि सांगतो कीं, सगळ्यांनीं आपापल्या घरीं जावें, कोणालाहि पकडावयाचें नाहीं. फांसावर जाण्याच्या तयारीनें आलेले ते लोक क्षमा ऐकून जागच्या जागीं खिळतात. राजपुत्र नावेकडे चालूं लागतो.