चौकोनी कंसातली ओळ

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये लिहिलेल्या वेब एपीआयचा एखादा कंट्रोलर उघडावा, तर मेथडच्या डोक्यावर चौकोनी कंसात बसलेली एक ओळ दिसते: [सर्व्हिसफिल्टर(टाइपऑफ(एपीआयकीफिल्टर))]. एरवी आपली नजर तिच्यावरून घसरून खालच्या कोडकडे जाते. आज मात्र इथेच रेंगाळूया, कारण या एवढ्याशा ओळीत दोन निराळे काळ एकमेकांना भेटतात.

ही ओळ म्हणजे ॲट्रिब्यूट, आणि सी शार्पमधल्या ॲट्रिब्यूटचा स्वभाव शिलालेखाचा. कोड कंपाइल होतानाच जे ठाऊक असते तेवढेच त्याच्या कंसात मावते: एखादा आकडा, एखादी स्ट्रिंग, एखाद्या क्लासचे नाव. उलट सेटिंगचा स्वभाव पाटीवरच्या खडूच्या अक्षराचा. ॲपसेटिंग्ज डॉट जेसनमध्ये आज एक एपीआय-की, उद्या दुसरी. आपल्या लॅपटॉपवर एक मूल्य, तर प्रॉडक्शन सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने त्याच्या जागी बसवलेले वेगळेच. मग दगडात कोरलेल्या ओळीने पाटीवरचे पुसट-ताजे अक्षर वाचावे कसे?

आता त्या टाइपऑफकडे जवळून पाहा. ओळ स्वतः एपीआय-की बाळगत नाही की फिल्टरही घडवत नाही. ती केवळ एक नाव उच्चारते, आणि नाव अढळ असते म्हणून ते कोरता येते. सर्व्हिसफिल्टर हा मुळात आयफिल्टरफॅक्टरी या कुळातला. विनंती येऊन पोचली, की फ्रेमवर्क त्याच्या क्रिएटइन्स्टन्स मेथडच्या हाती सर्व्हिस प्रोव्हायडर ठेवते, आणि प्रोग्राम डॉट सीएसमध्ये आधी नोंदवून ठेवलेला त्या नावाचा फिल्टर तो डीआय कंटेनरकडून मागून घेतो. त्याचे भावंड टाइपफिल्टर. त्याला त्या नोंदणीचीही गरज नाही, आणि ओळीत कोरलेली मूल्ये व कंटेनरने पुरवलेल्या सर्व्हिसेस तो एकाच कन्स्ट्रक्टरमध्ये गुण्यागोविंदाने नांदवतो.

त्या फिल्टरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये डोकावलो, तर आणखी एक सौंदर्यस्थळ सापडते. तिथे फिल्टर फाइल उघडत नाही, मार्ग शोधत नाही. आपली गरज तेवढी सांगतो: मला आयऑप्शन्सस्नॅपशॉट हवा. आयऑप्शन्स एकदा वाचलेले मूल्य ॲप्लिकेशन चालू असेपर्यंत जपतो. स्नॅपशॉट मात्र दर विनंतीला नव्याने वाचतो आणि ती विनंती संपेपर्यंत तेच मूल्य धरून ठेवतो. फिल्टरला स्कोप्ड म्हणून, म्हणजे विनंतीएवढेच आयुष्य देऊन नोंदवले, की हा मेळ पूर्ण जमतो. मध्येच कुणी फाइल बदलली, तरी ऑथरायझेशनपासून रिझल्टपर्यंत त्या विनंतीला एकच सत्य दिसते. पुढची विनंती नवे सत्य घेऊन येते. बदलाला दार उघडे, आणि तरीही घरात गोंधळ नाही!

म्हणूनच एपीआय-की बदलण्याचा दिवस मला फार देखणा वाटतो. सेटिंगची फाइल जतन होते, पुढच्या विनंतीला नवी की लागू होते, जुनी घेऊन आलेल्याला ४०१ मिळतो. आणि आपण कंट्रोलर उघडून पाहावा, तर मेथडच्या डोक्यावर ती ओळ अक्षरही न हलता तशीच असते, चौकोनी कंसात एक नाव घेऊन.