चौकटीत न मावणारा माणूस: जपानमधलं ऑनलाइन बँक खातं

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कथा, कविता, नाटक येतं. आज आम्ही ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत, तो कुणी हौसेनं वाचत नाही. पण तो भरल्याशिवाय परदेशात पगार जमा होत नाही आणि घरभाडंही भरता येत नाही. हा मजकूर म्हणजे बँकेचा ऑनलाइन खातं उघडायचा अर्ज. उदाहरण आम्ही जपानचं घेतोय. तोक्योत एदोगावा भागात निशी-कासाई नावाची वस्ती आहे. तिथे भारतीय मंडळी मोठ्या संख्येनं राहतात, त्यात मराठी माणसंही आहेत. त्यामुळे यातल्या बऱ्याच अडचणी मराठी नावांच्या अंगानंच समजावून घेता येतील.

कुठलाही मजकूर एक वाचक मनात धरून लिहिलेला असतो. अर्जाचंही तसंच आहे. या अर्जानं मनात धरलेला माणूस त्याच देशात जन्मलेला आहे. त्याच्याकडे फोन आहे, कायमचा पत्ता आहे, दोन शब्दांत बसणारं नाव आहे. परका माणूस अर्ज भरायला बसतो तेव्हा त्याला पहिल्याच पानावर कळतं की हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही.

आता एकेक चौकट बघू. पहिली चौकट फोन नंबरची. ॲप सुरू करायचं तर जपानी मोबाइल नंबरवर एसएमएसनं आकडा येतो. मोबाइल कनेक्शन घ्यायला गेलं तर बऱ्याच कंपन्या दरमहा बिल वळतं करण्यासाठी क्रेडिट कार्ड किंवा बँक खातं मागतात. आणि खातं उघडायला नंबर हवा. बाहेरच्या देशातलं कार्ड कुठे चालतं, कुठे नाही. मग माणूस ओळखीच्या कुणाला तरी गाठतो, प्रीपेड सिम शोधतो, कंपनीच्या माणसाला विनवतो. अर्जात मात्र या धावपळीला जागा नाही. तिथे फक्त अकरा आकड्यांची रिकामी जागा आहे.

दुसरी चौकट काळाची. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायला आलेल्या परदेशी माणसाला रहिवासी कार्ड मिळतं. ही पद्धत २०१२ पासूनची. नरिता, हानेदा अशा मोठ्या विमानतळांवर ते उतरल्या उतरल्या हातात देतात. घर मिळालं की १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे लिहून मिळतो. म्हणजे सरकारच्या लेखी तुम्ही आता तिथले रहिवासी. पण परकीय चलनाचे नियम रहिवासी कुणाला म्हणायचं ते वेगळ्या मापानं ठरवतात: जपानमधल्या कार्यालयात नोकरी असेल तर लगेच, नाहीतर देशात येऊन सहा महिने झाल्यावर. त्यामुळे बऱ्याच बँका सहा महिने थांबा म्हणतात, किंवा खातं उघडून देतात पण पैसे पाठवण्या-घेण्यावर बंधनं घालतात. एकाच माणसाला एक खिडकी 'या' म्हणते आणि शेजारची खिडकी 'अजून आला नाहीत' म्हणते. अर्जात याचा खुलासा बहुधा एका बारीक टीपेत असतो.

तिसरी चौकट नावाची, आणि समीक्षक म्हणून आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते ती हीच. जपानी बँकांचा आपसातला व्यवहार झेनगिन नावाच्या यंत्रणेतून चालतो. ती १९७३ पासून सुरू आहे. तिथे खातेदाराचं नाव कातकाना लिपीत जातं. या लिपीत र आणि ल यांना एकच अक्षर, आणि ळ तर नाहीच. कुलकर्णी तिथे जाऊन 'कुरुकारुनि' होतात. वैशालीचा 'वै' दोन-तीन प्रकारे लिहिता येतो. बँकेच्या अर्जात एक प्रकार लिहिला आणि कंपनीच्या पगारखात्यानं दुसरा लिहिला, तर पैसे अडकतात किंवा परत जातात.

त्यात आपली बापाचं नाव मध्ये घालायची रीत. पासपोर्टवर ते नावाला जोडून येतं, पासपोर्टवरून रहिवासी कार्डावर येतं, आणि बँक कार्डावर आहे तसंच हवं म्हणते. पगारवाटपाच्या फाइलमध्ये नावाला ३० जागा असतात. उदाहरणासाठी एक नाव रचू: देशपांडे ज्ञानेश्वर पुरुषोत्तम. त्या यंत्रणेत ग, द, ब, प यांसारख्या अक्षरांची वरची खूण वेगळी जागा खाते. आपल्या 'देशपांडे'ची चार अक्षरं तिथे नऊ जागा घेतात. ज्ञानेश्वर नऊ, पुरुषोत्तम आठ, मधल्या दोन मोकळ्या जागा. झाले २८. आता कुणी देशपांड्यांचे दीर्घ स्वर नीट दाखवायचे म्हणून तीन आडव्या रेघा दिल्या की ३१ होतात, आणि पुरुषोत्तमरावांचं शेवटचं अक्षर चौकटीबाहेर पडतं. हा कुणाचा द्वेष नव्हे. सत्तरच्या दशकात जपानी नावं धरून आखलेली ही पट्टी आहे. पण आज तिच्यात न मावणाऱ्या माणसालाच 'तुमचं नाव चुकलंय' असा निरोप येतो.

इथे कुणी म्हणेल, भाषेचा प्रश्न आहे, इंग्रजी ॲप दिलं की झालं. आम्हाला हे पटत नाही. अनेक भाषांत माहिती देणाऱ्या बँका जपानमध्ये आहेत, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच करायला हवं. पण इंग्रजीत विचारलं तरी प्रश्न तोच राहतो. फोन नंबर, सहा महिने, कातकानातलं नाव. भाषांतरानं अर्ज समजतो, गृहीतकं बदलत नाहीत.

काउंटरवरचा कारकून निदान माणूस असतो. तो कार्ड उलटसुलट बघतो, वरिष्ठांना विचारतो, नाव कसं उच्चारता ते ऐकून स्वतः कातकाना लिहून देतो. वेळ खातो, पण वाट काढायची थोडी मुभा त्याच्याकडे असते. ॲपमध्ये ती मुभाच काढून टाकलेली आहे. शेवटी एक निरोप येतो: सर्व बाबींचा विचार करून आम्ही आपला अर्ज स्वीकारू शकत नाही, कारण कळवता येणार नाही. ज्याला नकाराचं कारणच कळलं नाही, त्यानं दुरुस्ती कसली करायची?

आता बँकांची बाजू. ती खोटी नाही. मायदेशी परतताना आपलं खातं विकून जाणारी माणसं असतात, आणि अशी खाती फसवणुकीसाठी वापरली जातात. खातं विकणं तिथे गुन्हा आहे. गुन्ह्यांतला पैसा रोखण्यासाठी २००७ मध्ये कायदा झाला, ग्राहकाची ओळख तपासणं बँकांवर बंधनकारक आहे. म्हणून राहण्याची मुदत संपली आणि नव्या कार्डाची माहिती दिली नाही तर खात्यावर बंधनं येतात. तपासणी हवीच, यावर वाद नाही. पण तपासणी आणि गृहीतक यांत फरक आहे. कार्डातली चिप वाचून ओळख पटवणं ही तपासणी. पहिल्या आठवड्यातच स्थानिक नंबर असायलाच हवा, हे गृहीतक. त्यानं गुन्हेगार अडतो असं नाही. तो तर दुसऱ्याचं तयार खातं विकतच घेतो. अडतो तो प्रामाणिक नवखा.

आणि अडतो तोही सगळा सारखा नाही. संगणक अभियंत्याच्या मागे कंपनी उभी असते, तिचा माणूस सोबत येतो. आठवड्याला २८ तासांच्या परवानगीवर काम करणारा विद्यार्थी, वृद्धाश्रमात काम शिकायला आलेली मुलगी, यांच्यामागे बहुतेक वेळा मध्यस्थ असतो. खातं त्याच्या हातून उघडलं गेलं की पासबुक, कार्ड, पासवर्ड त्याच्या नजरेखाली राहण्याचा धोका आहे. प्रशिक्षणार्थींचे पासपोर्ट ठेवून घ्यायला २०१६ च्या कायद्यानं बंदी घालावी लागली, यावरून परावलंबन कुठवर जातं ते कळावं. आम्हाला अर्जाची चिंता वाटते ती यासाठी. किचकट अर्ज मध्यस्थाला ताकद देतो.

यातली गंमत बघा. जपानच्या १९४७ च्या कामगार कायद्याप्रमाणे पगार मुळात रोख, थेट कामगाराच्या हातात द्यायचा असतो. बँकेत जमा करणं ही कामगाराच्या संमतीनं दिलेली सवलत. व्यवहारात सवलत हाच नियम झाला. खातं ही आता सोय राहिलेली नाही, ती जगण्याची अट झाली आहे. अट आहे म्हटल्यावर ती पुरी करायचा मार्गही असायला हवा.

असा मार्ग काढता येतो. युरोपीय संघानं २०१४ मध्ये निर्देश काढला की कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही, आश्रय मागणाऱ्यालासुद्धा, साधं खातं मिळण्याचा हक्क आहे. जर्मनीत तो २०१६ पासून लागू झाला. आणि लांब कशाला, आपल्याकडेच बघा. पुण्यात परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येनं शिकतात. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्रावर त्यांचं खातं उघडावं, स्थानिक पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत घ्यावा, तोवर परदेशातून येणाऱ्या रकमेवर १००० डॉलरची आणि महिन्याला काढायच्या रकमेवर ५०,००० रुपयांची मर्यादा ठेवावी. बँकेच्या दारात तो किती पाळला जातो, हे पुण्यात राहणाऱ्यांनी शेजारच्या विद्यार्थ्याला जरूर विचारावं. पण नियमामागचा विचार आम्हाला शहाणा वाटतो. आधी दार उघडा, मर्यादा घाला, तपासणी सुरू ठेवा.

जपानी अर्जाकडूनही आमची मागणी एवढीच आहे. पहिल्या दिवशी रहिवासी कार्डावर मर्यादित खातं द्या. नाव मावत नसेल तर कसं लिहिलंय ते खातेदाराला लेखी द्या, म्हणजे तो तेच कंपनीला देईल. फोन नंबर नंतर जोडू द्या. नकार दिला तर कारण सांगा. यातली एकही गोष्ट तपासणी ढिली करत नाही.

तुमच्यापैकी जे परदेशात आहात, त्यांनी आपल्या देशातला असा अर्ज एकदा सावकाश वाचून बघा. भरण्यासाठी नव्हे, तो कुणासाठी लिहिलाय ते शोधण्यासाठी. प्रश्न असतील तर आता घेऊ.