‘विकी डोनर’ : बीजाचे कौतुक, पुरुषाचे मौन

ज्या विषयाचा उच्चार वडीलधाऱ्यांसमोर करण्याची सोय नव्हती, तो ‘विकी डोनर’ या हिंदी चित्रपटाने २०१२ साली हसतखेळत पडद्यावर आणला. दिग्दर्शक शूजित सरकार व लेखिका जूही चतुर्वेदी यांचे हे ऋण मान्य करूनच त्याच्या उणिवेविषयी आम्हांस लिहावयाचे आहे.

दिल्लीतील डॉक्टर चढ्ढा विकी अरोरा या बेकार पंजाबी तरुणास शुक्रदानासाठी गळ घालतात, येथे कथेस आरंभ होतो. अन्नू कपूर यांनी हा डॉक्टर असा काही उभा केला आहे, की त्यांस लाभलेला राष्ट्रीय पुरस्कार सर्वथा उचित वाटतो. विकीची आई व आजी यांचे संवादही तितकेच अकृत्रिम आहेत.

हा डॉक्टर माणसाच्या स्वभावावरून त्याच्या बीजाची जात ठरवितो. विनोदापुरते ते ठीक. पण सूक्ष्मदर्शकाखाली कूळ दिसत नाही, स्वभावही दिसत नाही. दिसते ती शुक्रजंतूंची संख्या, आकार आणि हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत हालचाल करणाऱ्या शुक्रजंतूंचे किमान प्रमाण शेकडा ४२, तर पुढे सरकणाऱ्यांचे शेकडा ३० दिले आहे. ही पास-नापासाची रेषा मात्र नव्हे. ज्यांच्या पत्नींस वर्षाच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांतही शेकडा ५ जणांचे आकडे याहून खाली होते. साधा ताप येऊन गेला तरी आकडा उतरतो. म्हणून एकाच तपासणीवरून निकाल देऊ नये.

खरी उणीव उत्तरार्धात आहे. विकीचे बीज उदंड, आणि आई होऊ न शकणारी त्याची पत्नी आशिमा! म्हणजे दोष पुन्हा स्त्रीच्याच पदरी. अहवाल हाती घेऊन खाली मान घालून बसलेल्या पुरुषाच्या मनात कथा शिरतच नाही. वस्तुतः अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो. आपल्या भाषेत ‘वांझ’ हा शब्द स्त्रीसाठीच राखलेला. पुरुषास जो ‘षंढ’ शब्द लावतात, तो त्याच्या पौरुषावरच घाव घालतो. परंतु शुक्रजंतू मंद असणे आणि पौरुष नसणे या अगदी निराळ्या गोष्टी होत. हा भेद सांगण्याची संधी चित्रपटाने दवडली.

आपले महाभारत याहून धीट आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, तेव्हा सत्यवतीने व्यासांस पाचारण केले. पंडूने आपले दुःख कुंतीपाशी स्वमुखाने बोलून दाखविले. त्या मोकळेपणास आपण पारखे का व्हावे?

देवास नवस जरूर बोलावा, ओटीही भरावी. पण सुनेस दवाखान्याच्या पायऱ्या झिजवावयास लावण्यापूर्वी मुलाने ही साधी, वेदनारहित तपासणी करून घ्यावी. चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या सासूच्या मनात एवढे जरी आले, तरी त्याचे अपुरे राहिलेले कार्य पुरे झाले असे आम्ही समजू.