स्वर आणि स्वभाषा : इंग्रजीबाहेरचें प्रोग्रेसिव्ह रॉक

गाण्याचा अर्थ कळल्यावांचून गाणें आवडूं शकतें काय, हा प्रश्न मराठी रसिकास नवा नाहीं. आपल्या मैफलींत गवई ब्रज भाषेंतील चीज म्हणतो. तिच्या शब्दांचा नीट अर्थ सांगा म्हटलें तर ऐकणारांपैकीं थोडेच पुढें येतील, आणि तरी कोणाच्या आनंदांत उणेपणा येत नाहीं. उलटपक्षीं नाट्यपदांतला एकादा शब्द गायकानें गिळला कीं हाच श्रोता कपाळास आठ्या घालतो. शब्दांवांचून आपलें अडत नाहीं असें म्हणावें तर तें खरें नव्हे. शब्दांवांचून गाणेंच नाहीं असें म्हणावें तर तेंही खरें नव्हे. ह्या जुन्या वादावर एका अगदीं निराळ्या बाजूनें प्रकाश पडतो, असें आमचें मत झालें आहे. ती बाजू म्हणजे १९७० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत बहरास आलेलें प्रोग्रेसिव्ह रॉक नांवाचें संगीत, आणि त्यांतही इंग्रजी सोडून इतर भाषांत गाइलेला त्याचा भाग.

ज्यांस ह्या संगीताचा परिचय नाहीं अशा वाचकांसाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. रॉक म्हणजे तीन-चार मिनिटांचें, ठेक्यावर चालणारें तरुणांचें गाणें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. किंग क्रिमझन, येस, जेनेसिस इत्यादि इंग्लंडांतील मंडळींनीं ही मर्यादा ओलांडली. यूरोपीय अभिजात संगीताचा बांधेसूदपणा, जॅझमधील उत्स्फूर्त विस्तार आणि लोकगीतांचा साधेपणा त्यांनीं एकत्र आणिला. पंधरा-वीस मिनिटांच्या रचना केल्या. मेलोट्रॉन, मूग सिंथेसायझर, बांसरी, व्हायोलिन अशीं वाद्यें जवळ केलीं. आणि एका कल्पनेभोंवतीं सबंध तबकडी गुंफण्याची प्रथा पाडिली.

हें लोण इंग्लंडबाहेर पोंचलें तेव्हां तेथील गायकांपुढें एक पेंच उभा राहिला. वाद्यें सर्वांचीं सारखींच. पण गावें कोणत्या भाषेंत? इंग्रजींत गाइलें तर जगाची पेठ खुली होते. स्वभाषेंत गाइलें तर आपलीं माणसें ओळखतात, परंतु सीमेपलीकडे कोणी विचारीत नाहीं. हा पेंच कोणीं कसा सोडविला हें पाहणें म्हणजे गाण्यांत भाषेचें काम काय असतें हें पाहणें होय.

ह्या बाबतींत इटलीसारखा बोधप्रद देश दुसरा नाहीं. मिलान शहरांतील एका मंडळीचें नांव 'प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी', म्हणजे 'बक्षीसपात्र मार्कोनी बेकरी' असें मोठें गमतीचें आहे. १९७२ सालीं ह्यांच्या 'स्तोरिया दि उन मिनुतो' आणि 'पेर उन आमीको' ह्या दोन तबकड्या निघाल्या. पहिलींतील 'इंप्रेसिओनी दि सेत्तेंब्रे' हें सप्टेंबर महिन्याचें गाणें आम्ही वारंवार ऐकतों. पहांटेच्या धुक्यांत, ओल्या शेतांतून एक एकटा मनुष्य चालला आहे आणि आपण कोण ह्याचा विचार करीत आहे, एवढाच त्यांतील प्रसंग. गायक हलक्या, जवळजवळ बोलण्याच्या आवाजांत चरण म्हणतो. आतां ध्रुवपद येणार अशी आपली अपेक्षा असते, आणि नेमक्या त्याच ठिकाणीं गायक गप्प होतो व मूग सिंथेसायझर एक भव्य सुरावट वाजवितो. ध्रुवपद शब्दांत नाहींच, तें वाद्यांत आहे. त्या मनुष्यास जें सांगतां येत नाहीं तें वाद्य सांगतें. मात्र ह्या युक्तीचा परिणाम व्हावयाचा तर आधींचे शब्द अगदीं साधे, घरगुती आणि मातीच्या वासाचे असले पाहिजेत. ते तसेच आहेत.

पुढें एमर्सन, लेक आणि पामर ह्या प्रसिद्ध त्रयीच्या 'मॅंटिकोर' कंपनीनें ह्या मंडळीस हातीं धरिलें. किंग क्रिमझनसाठीं पद्यें रचणारे पीटर सिनफील्ड ह्यांनीं इटालियन चालींवर इंग्रजी शब्द बसविले, आणि १९७३ सालीं 'फोटोज ऑफ घोस्ट्स' ही तबकडी निघाली. सिनफील्ड ह्यांनीं केलें तें भाषांतर नव्हे. त्यांनीं नवींच पद्यें लिहिलीं. १९७४ सालच्या पुढील इंग्रजी तबकडींत सप्टेंबरच्या त्या गाण्यासही नवे शब्द मिळाले व त्याचें नांव 'द वर्ल्ड बिकेम द वर्ल्ड' झालें. शेत गेलें, धुकें गेलें, आणि त्यांच्या जागीं विश्वाविषयींचें चिंतन आलें. हें चिंतन अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. परंतु चरणांतच विश्व येऊन बसल्यावर मूगच्या भव्य सुरावटीस उघडावयाला दारच उरलें नाहीं.

दुसरा फरक याहून सूक्ष्म आहे. इटालियन शब्द बहुधा स्वरान्त असतो, आणि जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. त्यामुळें चाल ओळीच्या अखेरीस हलकेच उतरते. इंग्रजींत एकाक्षरी, व्यंजनान्त शब्दांचा भरणा अधिक. जी चाल स्वरावर विसांवण्यासाठीं रचिली तिला व्यंजनावर थांबविलें कीं ती अडखळल्यासारखी होते. मराठीची 'शेवटची वेलांटी कोठें लांबवावी' हें जाणणाऱ्या कोणत्याही कीर्तनकारास ही गोष्ट न सांगतां कळेल. आमच्या म्हणण्याचा पुरावा त्या तबकडींतच आहे : 'इल बांकेत्तो' हें एक गाणें तींत इटालियनमध्येंच ठेविलें आहे, आणि तें सुरू होतांच गायकाचा आवाज आपल्या घरांत आल्यासारखा मोकळा होतो.

तथापि न्यायाची गोष्ट बोलावयाची तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ह्याच इंग्रजी तबकडीमुळें ही मंडळी इंग्लंड-अमेरिकेंत पोंचली व अमेरिकेच्या विक्रीच्या यादींत तिला जागा मिळाली. अशा पुलावरूनच दूरदूरचे श्रोते मूळ इटालियन तबकड्यांपर्यंत गेले. पूल हा घर नव्हे, एवढेंच आमचें म्हणणें. व्हेनिसच्या बाजूच्या 'ले ऑर्मे' ह्या त्रयीनेंही १९७३ सालच्या 'फेलोना ए सोरोना' ह्या दोन ग्रहांच्या कथेची इंग्रजी आवृत्ति काढिली. पद्यें पीटर हॅमिल ह्यांचीं, म्हणजे खऱ्या कवित्वाच्या मनुष्याचीं होतीं. तरी आल्दो ताल्यापिएत्रा ह्यांचा नाजूक आवाज त्या शब्दांत पाहुण्यासारखा अवघडून बसलेला आम्हांस दिसतो.

इटालियन तबकड्यांत आमचें मन सर्वांत अधिक रमलें तें रोमच्या 'बांको देल मूतुओ सोक्कोर्सो' ह्या मंडळीच्या 'डार्विन!' (१९७२) मध्यें. उत्क्रांतिवादावर गाणीं रचणें म्हणजे पाठ्यपुस्तकास चाल लावणें, अशी शंका कोणासही येईल. फ्रांचेस्को दि जाकोमो ह्यांचा आवाज ऐकतांच ती मावळते. इटालियन ऑपेराची सबंध परंपरा पाठीशीं असलेला तो उंच, भरदार आवाज २०१४ सालीं कायमचा थांबला. ह्या तबकडींत आदिमानवाचें एक प्रेमगीत आहे. साडेसात लक्ष वर्षांपूर्वींचा तो अर्धवट वानर, अर्धवट मनुष्य एका स्त्रीकडे पाहतो. मनांत कांहीं उमलतें, पण तें सांगावयास त्याच्याजवळ भाषा नाहीं. जो बोलूं शकत नाहीं त्याचें हें दुःख यूरोपांतील अत्यंत गेय भाषेंत गाइलेलें आहे! ह्या विरोधांतच त्या गीताचें सारें कारुण्य सांठलें आहे. इटालियनचा एक शब्दही न समजणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्यानें हें गाणें ऐकून, 'ह्याला कांहीं तरी सांगावयाचें आहे आणि सांगतां येत नाहीं,' असा अभिप्राय दिला. टीकाकारास याहून अधिक काय सांगतां येणार?

पोलंडांतील चेस्वाव न्येमेन ह्यांनीं भाषेचा निराळाच उपयोग केला. १९७० सालच्या 'एनिग्मॅटिक' ह्या तबकडीची एक संपूर्ण बाजू त्यांनीं त्सिप्रियान नॉर्विद ह्या एकोणिसाव्या शतकांतील कवीच्या एकाच कवितेस दिली. जनरल यूझेफ बेम हा पोलिश सेनानी हंगेरीच्या स्वातंत्र्यासाठीं लढला, पुढें तुर्कांच्या चाकरींत गेला व १८५० सालीं अलेप्पो येथें वारला. त्याच्या अंत्ययात्रेचें कल्पित चित्र नॉर्विदनें १८५१ सालीं रेखाटलें. हें काव्य होमरच्या षट्पदी वृत्ताच्या वळणावर आहे. न्येमेन ह्यांनीं त्या वृत्ताची लांबलचक चाल तशीच राखिली. लॅटिन समूहगान, हॅमंड ऑर्गनचा घुमारा आणि सोळा मिनिटें संथपणें पुढें सरकणारी यात्रा अशी ही रचना आहे. पोलिश भाषेंतील दाट व्यंजनें येथें पावलांच्या आवाजासारखीं वाजतात. ज्या देशानें स्वराज्य गमावलें पण कवि गमावले नाहींत, त्यानें नव्या वाद्यांच्या हातीं जुनें काव्य विश्वासानें सोंपविलें, ह्याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

कॅनडांतील क्वेबेक प्रांताची कथा आपणांस अधिक जवळची वाटेल. इंग्रजीच्या महासागरांत फ्रेंचचें तें बेट. १९७४ सालीं तेथें फ्रेंच ही एकमेव राजभाषा ठरली, आणि १९७७ सालीं तिच्या हक्कांची सनद झाली. ह्या दोन कायद्यांच्या मधोमध, १९७५ सालीं, मॉंट्रियलच्या 'आर्मोनियम' मंडळीनें 'पांचव्या ऋतूची गरज भासली तर' अशा अर्थाच्या नांवाची तबकडी काढिली. चार गाणीं चार ऋतूंचीं, पांचवें एका कल्पित ऋतूचें. मंडळींत ड्रम वाजविणारा नाहीं. गिटार, बांसरी, मेलोट्रॉन ह्यांच्या मंद प्रवाहावर फ्रेंच शब्द तरंगत जातात. कोठें घोषणा नाहीं, आवेश नाहीं. पांचवें गाणें सतरा मिनिटांचें आहे, आणि त्यांत आवाज असून शब्द नाहींत! स्वभाषेवर ज्यांचें खरें प्रेम असतें त्यांस ती क्षणभर बाजूस ठेवण्याचें भय वाटत नाहीं, असा आम्ही ह्याचा अर्थ लावतों.

आतां एक आक्षेप. ध्वनीच जर इतका महत्त्वाचा, तर भाषा खरी कशाला हवी? फ्रान्समधील क्रिस्तियां व्हांदेर ह्यांनीं 'माग्मा' मंडळीसाठीं 'कोबाइअन' ही भाषाच स्वतः निर्माण केली, आणि १९७३ सालची 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमांदो' ही प्रचंड रचना तींत गाइली. तिचे कठोर, ठोके मारणारे शब्द त्या संगीतास इतके चपखल बसतात कीं ते फ्रेंचमध्यें म्हणावे अशी कल्पनाही करवत नाहीं. तेव्हां हें उदाहरण आमच्या विरुद्ध नसून आमच्याच बाजूचें आहे : भाषा हें गाण्याचें एक वाद्य आहे, आणि तें बदललें कीं गाणें बदलतें. मात्र कोबाइअन भाषेंत कोणाच्या आजीनें जात्यावर ओवी म्हटलेली नाहीं. म्हणून माग्माच्या संगीतानें आम्ही थक्क होतों, पण सप्टेंबरच्या शेतांतील त्या मनुष्याप्रमाणें तें आमच्याजवळ येऊन बसत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चिलीच्या 'लोस हाइवास' मंडळीनें १९८१ सालीं पाब्लो नेरूदाच्या माच्चू पिच्चूवरील काव्यास संगीत दिलें. पियानो व मूगच्या शेजारीं त्यांनीं अँडीज पर्वतांतील कुएना ही बांसरी आणि चारांगो हें तंतुवाद्य बसविलें. परंतु भाषा स्पॅनिश, म्हणजे तें पर्वतराज्य बुडविणाऱ्या जेत्यांची! मग इंग्रजीही आपली कां होऊं नये, असें कोणी विचारील. होऊं शकेल, स्पॅनिश ज्या मार्गानें त्यांची झाली त्याच मार्गानें. पिढ्यान् पिढ्या तींत माणसें जन्मलीं, भांडलीं, रडलीं, आणि शेवटीं तींतून नेरूदा उभा राहिला. केवळ पेठ मोठी म्हणून स्वीकारलेल्या भाषेस हा अधिकार एका रात्रींत मिळत नाहीं.

आमच्या मुंबई-पुण्याच्या तरुणांपैकीं जे गिटार हातीं घेतात त्यांतील अनेकांचा ओढा इंग्रजींत गाण्याकडे असतो. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. इंग्रजी शिकविण्यावरच आमची उपजीविका चालली आहे. त्यांनीं एवढेंच करावें : सप्टेंबरचें तें गाणें प्रथम इटालियनमध्यें आणि लगेच इंग्रजींत, अर्थ न पाहतां, ऐकावें. कोणत्या भाषेंत गायक अधिक खरा वाटतो हें त्यांच्या कानास कळेल. मग आपलें पुढचें गाणें कोणत्या भाषेंत रचावें ह्याचा निर्णय त्यांचा त्यांनीं खुशाल करावा.