दशांशाचा दोष

अ‍ॅलन ट्यूरिंग यांचा गणनीय संख्यांवरील 1936 चा निबंध यंत्राच्या सामर्थ्याची गाथा म्हणून वाचला जातो. आम्हांस तो मर्यादांचा लेख वाटतो. यंत्रास द्यावयाच्या कृति एक, दोन, तीन अशा मोजतां येतात, वास्तव संख्या येत नाहींत. अर्थात् बहुतेक संख्या यंत्राच्या आटोक्याबाहेरच राहतात. हें सर्वश्रुत आहे.

आटोक्यांतील संख्यांचें तरी काय? उल्हासनगरच्या आमच्या वर्गांत अंबरनाथ-बदलापुराहून येणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्हीं एक बेरीज घातली. एका यंत्रांतून 0.333… असे अंक येत आहेत, दुसऱ्यांतून 0.666…, बेरजेंत दशांशचिन्हापूर्वीं काय लिहावें? ‘शून्य!’ ‘एक!’ असा गलका झाला. दोन्ही पक्ष घाईंत होते. पहिल्या यंत्रांतून पुढें एखादा 4 आला तर बेरीज 1 च्या वर जाते, 2 आला तर खालीं. आणि 3 च येत राहिले तर यंत्र पहिल्याच अंकापाशीं ताटकळतें.

ट्यूरिंग यांनीं व्याख्या दशांशांवरच बसविली, हा निबंधाचा खरा दोष. पुढें शुद्धिपत्रांत त्यांनीं ब्राउवर यांच्या मार्गानें एकमेकांवर पसरलेल्या, आकुंचत जाणाऱ्या अंतरांचा आश्रय केला. शुद्धिपत्रें कोणी वाचीत नाहीं. आम्हांस तें निबंधाहून अधिक रुचलें. भास्कराचार्यांनींही 1150 च्या लीलावतींत परिघ-व्यासाच्या 22/7 या गुणोत्तरास स्थूल आणि 3927/1250 यास सूक्ष्म म्हणून ठेविलेंच होतें.

अंतरांनीं बेरीज सुटते. दोन संख्या समान आहेत काय, हा प्रश्न मात्र सुटत नाहीं: भिन्न असल्यास अंतरें केव्हांतरी विलग होतात, समान असल्यास यंत्र वाटच पाहत राहतें.