आनंदानं वाचाव्यात अशा काही कादंबऱ्या

मागच्या काही व्याख्यानांत आपण संकल्पनांच्या जंगलात बरेच फिरलो. त्यावर काही श्रोत्यांनी आम्हाला सुचवलं की, सर, आता जरा हल्लीच्या कादंबऱ्यांवर बोला, आणि त्याही अशा सांगा की वाचताना मजा येईल. सूचना आम्हाला पटली. मात्र 'मजा' हा शब्द कानावर पडला की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस दोन मिनिटं थबकतोच. तेवढी सवलत आम्हाला द्या.

आपल्याकडे 'वाचनीय' या शब्दाची फार वाईट अवस्था झालेली आहे. समीक्षकानं एखाद्या कादंबरीला वाचनीय म्हटलं, तर लेखकाला वाटतं, ह्यानं आपल्याला खालच्या पंगतीत बसवलं. फडके-खांडेकरांच्या काळात कलेसाठी कला की जीवनासाठी कला असा वाद झाला. त्या वादातलं बारकं सगळं विसरलं गेलं, पण रंजन एकीकडे आणि गांभीर्य दुसरीकडे ही वाटणी तेवढी आपण जपून ठेवली. त्यामुळे गंभीर कादंबरी म्हणजे काढा, डोळे मिटून घ्यायचा.

कांटनं १७९० मध्ये एक भेद केला, तो इथं कामाला येतो. एखादी गोष्ट नुसती रुचणं वेगळं आणि ती सुंदर आहे असं म्हणणं वेगळं. आम्हाला श्रीखंड आवडतं, तुम्हाला नाही, तर भांडण कसलं? पण 'ही कादंबरी वाचाच' असं म्हटलं, की आम्ही तुमच्याकडून सहमती मागत असतो. ती हुकमानं मिळत नाही, सिद्ध करूनही दाखवता येत नाही. तरी मागितलेली असते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त याची तपशिलात चर्चा आहे, ज्यांना हवी त्यांनी जरूर पाहावी. आपल्यापुरतं इतकंच, की शिफारस करणाऱ्यावर जबाबदारी येते. तुमच्या आठ-दहा संध्याकाळी तो मागतोय. चुकीचं पुस्तक हाती दिलं तर तरुण वाचक लेखकाला दोष देत नाही, 'मराठी कादंबरी आपल्याला झेपत नाही' असं म्हणून कायमचा उठून जातो. हे होताना आम्ही वर्गात पुष्कळ वेळा पाहिलेलं आहे.

तर पहिली शिफारस, कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. हिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. विषय धरणग्रस्तांचा आहे असं सांगितलं की निम्मे लोक म्हणतात, नको, मन उदास होतं. पण गोष्ट काय आहे बघा. गाव उठलं, माणसं दुसरीकडे गेली, जनावरं मागं राहिली. देवाप्पा आपली मागं राहिलेली म्हैस आणायला परत जातो. आणि म्हैस आता रानटी झालेली आहे! बस्, एवढंच. माणूस आणि म्हैस, एकमेकांचा अंदाज घेतायत. इथं शिकारकथेतला ताण आहे, पुढं काय होणार ही साधी, आदिम उत्सुकता आहे. विस्थापनावर भाषण कुणी देत नाही. ज्या जनावराला आपण आपलं म्हणत होतो ते आपल्याला ओळखायला तयार नाही, यातच सगळं येऊन जातं. ओळख म्हणजे काय, मालकी म्हणजे काय, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. इथं ते शिंगं रोखून समोर उभं राहतं.

दुसरी अगदी वेगळ्या हवेतली. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ ची. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथं एक पेइंग गेस्ट येतो, आणि तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. आधी तनय बोलतो, मग अनुजाची डायरी. घटना पुष्कळशा त्याच, पण दुसऱ्यांदा वाचताना त्या तशा उरत नाहीत. तनयला जे माहीत नाही ते आपल्याला अनुजा सांगते. अनुजाला माहीत नाही ते आपण तनयकडून ऐकून बसलेलो असतो. दोघांच्या मधोमध वाचक एकटा. आम्हाला विचाराल तर हिचा खरा आनंद या रचनेत आहे. विषयाच्या धीटपणाचीच चर्चा जास्त झाली, ते थोडं अन्यायाचं झालं. पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत होतं. २०२२ मध्ये त्यावर सिनेमाही आला, पण आधी पुस्तक वाचा.

श्याम मनोहरांबद्दल खरं तर स्वतंत्र व्याख्यान हवं. हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. वाक्यं इतकी साधी की पोरांनी निबंधात लिहावीत. आपण हसत हसत वाचत जातो, आणि अचानक लक्षात येतं की हसू आपल्यालाच आहे. आपल्या घरांत जेवणाची, जागेची, लग्नाची चर्चा होते, ज्ञानाची का होत नाही, हा त्यांचा प्रश्न. 'उत्सुकतेने मी झोपलो' किंवा 'खूप लोक आहेत', कुठूनही सुरू करा. कथानक शोधू नका मात्र, सापडणार नाही.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' बहुतेकांनी वाचलेली असेल. नसेल तर आजच आणा. मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट' नांदेडच्या गोदावरीत पोहणाऱ्या माणसाची आहे. पाण्याबद्दल इतक्या जवळून लिहिलेलं आम्ही मराठीत क्वचित वाचलं. काठावरच्या माणसांबद्दल लिहिताना मात्र लेखक कधी कधी गहिवरतो, तिथं आम्ही जरा मागं सरतो. पोहतानाची पानं त्याची भरपाई करतात.

'हिंदू' का नाही, असा प्रश्न येणारच. नेमाड्यांची ती कादंबरी मोठी आहे, पण नव्या वाचकाला वाढदिवसाची भेट म्हणून ती देऊ नये. शंभर पानांनंतर मंडळी थकतात, आणि थकलेल्याला आळशी ठरवण्याची आपल्याला घाई असते. आधी चार कादंबऱ्या आवडू द्या, मग तीही वाचली जाईल.

आता 'रिंगाण'विषयी एक व्यवहाराची गोष्ट. तिच्यातल्या कोल्हापूरकडच्या बोलीला शहरातला वाचक सुरुवातीला अडखळतो. शब्दकोश घेऊन बसू नका. पहिली पंधरा-वीस पानं घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. अर्थ कानातून लवकर लागतो. पुढं आवाजाची गरज लागत नाही. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.