रुमालात राहिलेले पुणे

गो. स. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड (१९३०–३४) ही थोर कामगिरी. पण त्यांत पुणे शोधू गेलो की हाती लागतात बहुतांशी राजकारणे आणि मोहिमा. शहर आहे ते न छापलेल्या मोडी रुमालांत. कोतवालीच्या दंडांत, पेठांच्या हिशेबांत. घाशीराम आपल्याला नाटकामुळे ठाऊक. त्याच्या चावडीवर कोणाला कशापायी दंड झाला, हे विचारणारे थोडेच. दोष सरदेसाईंचा नाही. निवड म्हणजेच दफ्तर असे आपणच धरून चाललो. माझी मोडी अडखळती. एक ओळ लागायला कधी अख्खी सकाळ जाते. पण त्या ओळीत एखादा तेली, एखादी कुणबीण नावानिशी भेटते.